डावीकडची केबिन

फियॉर्डच्या सफरीचं ठरलं तेव्हा व्हिसाचं काम महिन्याभरात उरकलं. जहाज इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन बंदरातून सुटणार होतं, म्हणून ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेनचा वेगळा, एवढी कागदपत्रांची धावपळ झाली. गरम कपडे लेस्टरला असलेल्या आमच्या लेकीने तिकडेच घेऊन ठेवले. पण जहाजावर खोली कुठली घ्यायची, हा प्रश्न मात्र आमच्या घरात तीन महिने चालला. जेवताना निघायचा, पाहुणे आले की थांबायचा आणि ते गेले की पुन्हा सुरू व्हायचा.

याचं कारण अब्बा. आम्हा दोघांपैकी एकाचे ते वडील आणि दुसरीचे सासरे, पण घरात ते सगळ्यांचेच अब्बा. वय 79. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात एके काळी घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचा. कुणी सारंग, कुणी टिंडेल, कुणी खलाशी. अब्बा 1968 साली इंजिनरूममध्ये लागले आणि 1999 साली कायमचे खाली उतरले. जहाजी लोक ज्याला तेलवाला म्हणतात ते त्यांचं काम. यंत्राच्या फिरत्या भागांना तेल घालायचं, बेअरिंग तापतंय का हे हात लावून बघायचं, सांडलेलं पुसून काढायचं आणि चार तासांची पाळी संपली की वर येऊन झोपायचं. 31 वर्षांत त्यांनी पाच खंडांची बंदरं केली. पण बंदर आणि बंदर यांच्या मधलं जग त्यांनी फारसं पाहिलं नाही, कारण ते तेव्हा पाण्याच्या पातळीखाली असत.

नॉर्वेलाही ते एकदा जाऊन आलेले. जहाजींच्या बोलीत जिला नल्ली म्हणतात त्या त्यांच्या डिस्चार्ज बुकात 1978 च्या हिवाळ्यातली ती सफर आहे. अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी पांढरी भुकटी भरून त्यांचं जहाज ओर्दालला गेलं होतं. ओर्दाल हे सोग्नेफियॉर्डच्या अगदी आतल्या टोकाचं गाव. हा फियॉर्ड नॉर्वेतला सर्वांत लांब, 200 किलोमीटरहून जास्त. जगभरचे लोक पैसे मोजून जो पाहायला जातात, तो अख्खा फियॉर्ड अब्बांनी जाताना आणि येताना असा दोनदा पार केला आणि दोन्ही वेळा ते इंजिनरूममध्ये होते. अरुंद पाण्यात पायलट चढला की खाली सगळ्यांना तयारीत उभं राहावं लागतं. वरून टेलिग्राफची घंटा वाजते, हाफ, स्लो, डेड स्लो, आणि त्याप्रमाणे यंत्र चालवायचं. "पहाड होते म्हणे," अब्बा सांगतात. "आम्ही जेट्टी पाहिली. दिवे होते, बर्फ होता. बाकी अंधार."

आता त्यांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही आणि उजव्याचा घेर कडांकडून लहान होत चालला आहे. औषधाने हे लांबवता येतं, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून घरी आलो त्याच आठवड्यात आम्ही सफरीचा विषय काढला.

खोलीचे मुख्य प्रकार तीन. एक आतली केबिन, तिला खिडकीच नसते. दुसरी खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. तिसरी बाल्कनीची. भाडं या क्रमाने चढत जातं. चौथा प्रकार म्हणजे स्वीट, तो आमच्या हिशेबात नव्हताच. शिवाय कंपनी स्वस्तात एक सोय देते, प्रकार आपण सांगायचा आणि खोली कुठली ते कंपनी ठरवणार. तरण्या जोडप्याला ती ठीक आहे. म्हातारं माणूस बरोबर असेल तर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोली जहाजाच्या पार टोकाला आली तर दिवसातून चार वेळा लांबलचक बोळ चालताना त्यांचे गुडघे बोलायला लागतात.

अब्बांचं म्हणणं सरळ होतं. आतली घ्या. बोटीत खिडकी साहेबांची असते, आपल्याला झोपायलाच जागा हवी. बाहेरचं बघायचं तर डेक आहे, तो सगळ्यांचा. आणि खोली मधली घ्या, खालची घ्या.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींबाबत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. जहाज लाटेवर पुढेमागे डोलतं ते लाकडी झोपाळ्यासारखं. टोकाला बसलेला सर्वांत जास्त वरखाली होतो, मधला जवळजवळ जागेवर असतो. आडवं हलणंही पाण्याच्या पातळीजवळ कमी जाणवतं आणि वरच्या मजल्यांवर जास्त. साउथॅम्प्टनहून नॉर्वेला जायचं म्हणजे उत्तर समुद्र ओलांडायचा. फियॉर्डमध्ये शिरलं की पाणी हौदासारखं शांत, पण त्याआधीचा एक दिवस आणि परतीचा एक दिवस उघड्या समुद्रात काढायचा असतो. म्हणून ज्यांना मळमळतं त्यांनी मधली आणि खालची खोली घ्यावी. पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट पहाटेच झोप मोडतो. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे पंखे पुढे आणि मागे असतात, त्यांची थरथर तिथल्या पलंगाला जाणवते.

हे सगळं जहाजाच्या नकाशावर दिसतं. प्रत्येक मजल्याचा नकाशा कंपनी देते आणि तो नीट बघावा. आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे विशेष. वर जेवणाचा हॉल असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली गाण्याबजावण्याची जागा किंवा जुगाराचा अड्डा असेल तर मध्यरात्रीपर्यंत झोपेचं काही खरं नसतं. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा मजला निवडावा. दोन खोल्यांच्या मधे दार असेल तर शेजारच्यांचं घोरणं ऐकू येतं, हेही नकाशात खुणेने दाखवलेलं असतं. आणखी एक खूण असते ती दृश्य अडलेलं असल्याची. तिथे खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते. अशा खोल्या स्वस्त पडतात. आमच्या एका नातेवाइकांनी तसली खोली घेतली होती आणि आठवडाभर त्यांनी केशरी रंगाची होडी पाहिली.

अब्बांशी मतभेद झाला तो आतल्या खोलीवरून. आमचं म्हणणं असं होतं, की डेक सगळ्यांचा हे खरं, पण डेकवर पोचायला पाय लागतात. जूनमध्येही तिथे बारा-तेरा अंशांचा गारठा आणि वर वारा. पहाटे पाचला गुडघे धरून लिफ्टपाशी जायचं, गर्दीत कठड्यापाशी जागा मिळवायची, आणि एका डोळ्याने बघायचं. हे त्यांच्याने दोन दिवस होईल, तिसऱ्या दिवशी ते म्हणतील तुम्ही जा. आम्ही त्यांना ओळखतो.

मग खिडकीची खोली का नको? ती तर बाल्कनीपेक्षा बरीच स्वस्त. याचं उत्तर फियॉर्डच्या घडणीत आहे. हिमयुगात हिमनद्यांनी हजारो वर्षं घासून या दऱ्या कोरल्या, समुद्राच्या पातळीच्याही कितीतरी खाली. बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र आत आला. म्हणून दोन्ही बाजूंना सरळ भिंती असतात. सोग्नेफियॉर्ड सर्वांत खोल जागी 1300 मीटर आहे, म्हणजे आपलं महाबळेश्वर समुद्रापासून जितकं उंच, साधारण तितकं. आणि जेवढं खाली, जवळपास तेवढंच वर. अशा जागी बंद खिडकीतून दिसतो तो समोरचा खडक आणि खालचं पाणी. शिखर वर कापलं जातं. कठड्याशी येऊन मान वर केली तरच डोंगर पुरा होतो. बाल्कनीलाही वरच्या मजल्याचं छप्पर असतंच, पण कठड्यापाशी उभं राहिलं तर निभावतं.

अब्बांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द वापरला, इसराफ. उधळपट्टी. एका माणसाच्या खिडकीसाठी एवढे पैसे! गावातल्या कुणाच्या मुलीची फी भरा, असंही म्हणाले. या बोलण्याला आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं, आजही नाही. गरजेपेक्षा जास्त खर्च तो इसराफ, हे आम्हालाही मान्य आहे. पण गरज कुणी ठरवायची? ज्या माणसाने आपल्या पगारातून तीन भावांची घरं उभी केली आणि स्वतः लोखंडाच्या भिंतीकडे बघत 31 वर्षं काढली, त्याला एकदा बाहेर बघू देणं ही चैन आहे का? आम्ही दोघं या प्रश्नावर पुष्कळ बोललो. शेवटी फी भरण्याचं वेगळं ठरवलं आणि बाल्कनीचंही ठरवलं. अब्बांना ते पूर्ण पटलं असं नाही. ते गप्प राहिले, एवढंच.

आम्ही चौघं होतो, अकरा वर्षांची नात धरून. दोन खोल्या घेतल्या, बोळाच्या दोन बाजूंना समोरासमोर. बाल्कनीच्या खोलीत अब्बा आणि त्यांचा मुलगा, कारण रात्री त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. समोरच्या आतल्या खोलीत आजी आणि नात. दिवसा सगळी बाल्कनीच्या खोलीत. ही रचना आम्हाला फार सोयीची पडली आणि तीन पिढ्यांनी जाणाऱ्या कुटुंबांना ती आम्ही जरूर सुचवू. आतल्या खोलीला नावं ठेवायचं कारण नाही. ज्या देशात जूनमध्ये रात्र होतच नाही तिथे दिवा घालवल्यावर मिट्ट काळोख देणारी खोली झोपेला उत्तम. फक्त सकाळ कधी झाली ते कळत नाही, घड्याळाचा गजर लावावा लागतो.

उरला प्रश्न बाजूचा. डावी की उजवी? जहाजींच्या भाषेत उजवीला जमना आणि डावीला डावा म्हणतात. फियॉर्डच्या सफरीत बाजूला फार महत्त्व देऊ नये, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. बहुतेक फियॉर्ड म्हणजे बंद गल्ली. जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं, त्यामुळे सकाळी जे समोरच्यांना दिसलं ते संध्याकाळी आपल्याला दिसतं. तरी आम्ही डावी बाजू मागून घेतली. त्याचं कारण होतं, पण ते अब्बांना सांगितलं नाही.

उत्तर समुद्राने पहिल्याच दिवशी आपला स्वभाव दाखवला. आम्ही दोघंही दुपारपर्यंत आडवे होतो. नातीने आल्याची बिस्किटं खाल्ली आणि झोपली. अब्बा मात्र काठी टेकत हॉलमध्ये जाऊन व्यवस्थित जेवून आले. हलाल जेवणाचं आम्ही बुकिंग करतानाच कळवलं होतं. ते आधी कळवावं लागतं, जहाजावर चढल्यावर मागून सगळं मिळेलच असं नाही. मांसाचा प्रश्न आला तरी मासळी भरपूर असते, आणि कोकणातल्या माणसाला तेवढं पुरतं. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. काढून न्यायला सांगितलं की नेतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

नमाजची गोष्ट वाचक विचारतील म्हणून सांगतो. पलंग आणि सोफा यांच्यामधे एक जानमाज बसते. किब्ला नॉर्वेहून आग्नेयेकडे येतो, पण जहाज वळत राहतं. फोनमधल्या होकायंत्रावर लोखंडी जहाजात भरवसा ठेवता येत नाही. खोलीतल्या टीव्हीवर एका चॅनलला जहाजाचा नकाशा आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते सतत दाखवतात, त्यावरून हिशेब करावा. अब्बांनी टीव्ही लावला नाही. घड्याळ बघत, मग ऊन बघत आणि खुर्ची फिरवून घेत. वेळांचं जरा अवघड आहे. गेइरांगर 62 अक्षांशाच्या थोडं वर आहे. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो आणि चारच्या आत पुन्हा उगवतो. मधल्या वेळात आभाळ काळं होतच नाही, संध्याकाळची लाली सरकत सरकत पहाटेची होते. मग इशा कधी? यावर आलिमांची एकाहून अधिक मतं आहेत. निघण्यापूर्वी आपण ज्यांना मानतो त्यांना विचारून घ्यावं. आम्ही तसंच केलं आणि मुसाफिराला जी सवलत आहे ती घेतली.

स्टाव्हांगरला थांबून चौथ्या दिवशी पहाटे जहाज गेइरांगरफियॉर्डमध्ये शिरलं. हा फियॉर्ड लांबीला 15 किलोमीटरच. 2005 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. शिरण्याआधी अकरनेसेट नावाचा एक कडा लागतो. त्याला मोठी भेग पडली आहे आणि ती रुंदावते आहे. तो डोंगर कधीतरी पाण्यात कोसळणार आणि मोठी लाट उठणार, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून भेगेवर रात्रंदिवस यंत्रांची नजर असते. जवळच्याच ताफ्योर्डमध्ये 1934 साली असाच कडा पडून उठलेल्या लाटेने 40 माणसं नेली. एवढ्या देखण्या जागी लोक अशी टांगती तलवार घेऊन राहतात.

अब्बा आमच्या आधी जागे होते. माकडटोपी, दोन स्वेटर, वर शाल, असे बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले. डावीकडे सात बहिणी नावाचा धबधबा आला. जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असतं म्हणून पाणी भरपूर. नातीने मोजले तेव्हा तिला पाचच प्रवाह मिळाले, मग तिने दोन बहिणी अजून झोपल्यात असं जाहीर केलं. समोरच्या कड्यावर आणखी एक धबधबा आहे, त्याला नवरदेव होऊ बघणारा म्हणतात. पण तो तेव्हा जहाजाच्या पलीकडच्या बाजूला होता, आम्हाला दुपारी परत जाताना दिसला. बहिणींच्या शेजारी उंचावर क्निव्हस्फ्लोचं शेतघर आहे, आणि पलीकडच्या कड्यावर स्कागेफ्लोचं, पाण्यापासून साधारण 250 मीटर वर. तिथे बकऱ्या पाळून माणसं राहत. लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. क्निव्हस्फ्लो वरचा खडक कोसळण्याच्या भीतीने 1890 च्या दशकाअखेरीस सोडून दिलं गेलं आणि स्कागेफ्लो 1916 मध्ये. पुढे 1993 साली नॉर्वेच्या राजाराणीने आपल्या लग्नाचा 25 वा वाढदिवस याच ओसाड शेतघरापाशी साजरा केला.

हे सगळं आम्ही अब्बांना वाचून दाखवत होतो. ते धबधब्याकडे बघत होते, पण त्यांचा एक हात कठड्यावर सपाट ठेवलेला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "डेड स्लो." आम्हाला काही कळलं नाही. "यंत्र. डेड स्लोवर आलंय. आता खाली सगळे उभे असतील." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. डोंगराचा माथा दिसावा म्हणून त्यांना मान फार मागे न्यावी लागत होती, कारण उजव्या डोळ्याचा घेरच तेवढा. शेवटी त्यांच्या मुलाने पाठीमागे उभं राहून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, आणि ते हळूहळू वर बघत गेले. खडक, मग झाडं, मग बर्फ, मग आभाळ.

गेइरांगर गाव अडीचशेच्या आसपास वस्तीचं. जहाजं तिथे फियॉर्डमध्येच उभी राहतात आणि लोकांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, किंवा किनाऱ्यापासून उलगडत येणारा एक तरंगता पूल आहे, तो जहाजाला लागतो. आम्हाला पूल मिळाला म्हणून अब्बा उतरू शकले. होडीत उतरताना जहाज आणि होडी वेगवेगळी हलतात, चाकाच्या खुर्चीला किंवा काठीला ते जमत नाही. सफर निवडताना कुठल्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठे होड्या आहेत, हे म्हाताऱ्यांसाठी आवर्जून विचारावं. गावात अब्बांनी एका बाकावर बसून आमच्याच जहाजाच्या धुराड्याकडे बघितलं. धूर पातळ होता. नॉर्वेच्या संसदेने 2018 मध्ये ठराव केला, की जागतिक वारसा असलेल्या फियॉर्डमध्ये प्रवासी जहाजांनी धूर सोडायचाच नाही. लहान जहाजांना तो नियम 2026 पासून आहे आणि मोठ्यांना 2032 पासून लागू होणार. हे सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "मग तेलवाल्याला काम काय उरणार?" आणि स्वतःच हसले.

बर्गनबद्दल फार लिहीत नाही. शेवटचं बंदर. पाऊस लागला, आणि तो तिथे लागतोच. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर म्हणे. रत्नागिरीचा माणूस तेवढ्याने छत्री उघडत नाही. धक्क्याकाठच्या जुन्या लाकडी घरांची रांग सुंदर आहे. मासळीबाजार महाग.

बर्गनच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. फ्लोमला सकाळी पोचायचं तर जहाज मध्यरात्रीनंतरच सोग्नेफियॉर्डच्या तोंडाशी येतं. बहुतेक प्रवासी तेव्हा झोपलेले असतात. अब्बांनी उठवायला सांगितलं होतं, पण त्यांनीच आम्हाला उठवलं. तीन वाजले होते आणि वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड होता. समोरच्या खोलीतून नातही ब्लँकेट ओढत आली. चौघं त्या लहानशा बाल्कनीत दाटीवाटीने बसलो.

अब्बांनी पाण्याचा रंग पाहिला. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ वितळत्या पाण्याबरोबर येतं म्हणून आतल्या बाजूला ते हिरवट दुधाळ होत जातं. आपल्या खाडीत ओहोटीला लाँचचं बूड चिखलाला लागतं, आणि इथे किनाऱ्याला हात लागेल एवढ्या जवळून जाताना खाली शेकडो मीटर पाणी, याचं त्यांना फार नवल वाटलं. तोंडाशी मात्र हाही फियॉर्ड उथळ आहे. समुद्रापाशी पोचेतो हिमनदीचा जोर ओसरला, त्यामुळे तिथे तळ उंचच राहिला. "आपल्या खाडीच्या तोंडाला वाळू असते तसं," अब्बा म्हणाले. डावीकडे उत्तरेचा किनारा सरकत होता. होयांगरकडे जाणारा फाटा गेला, बालेस्ट्रांडची पांढरी घरं गेली. एखाद्या घरात दिवा, एखादी मासे पाळायच्या गोल जाळ्यांची रांग. ते कुठल्या गावाचं नाव काय म्हणून विचारत होते आणि आम्ही टीव्हीवरच्या नकाशात बघून सांगत होतो. मधेच ते कठड्यावर हात ठेवायचे. "इथे आमचा दुसरा इंजिनिअर ओरडला होता," एकदा म्हणाले. कुठे ते त्यांना कसं कळणार होतं, पण आम्ही विचारलं नाही.

फ्लोमला जाण्यासाठी जहाजाला मुख्य फियॉर्ड सोडून उजवीकडे औरलँड्सफियॉर्डमध्ये वळावं लागतं. मुख्य पाणी सरळ पूर्वेला जात राहतं, ओर्दालच्या दिशेने. जहाज उजवीकडे वळलं की त्याची डावी बाजू त्या पाण्याकडे होते. तीन महिने नकाशे चाळून आम्ही हे एकच बघून ठेवलं होतं. वळण सुरू झालं तसं नातीने बोट केलं, "पणजोबा, तिकडे ओर्दाल." शिकवून ठेवलेलं होतं.

अब्बा उभे राहिले. आम्ही दोन्ही बाजूंनी धरलं. डोंगरांच्या दोन रांगा, मधे राखाडी पाणी, आणि लांबवर त्यावर पडलेला उन्हाचा एक पट्टा. ओर्दाल काही दिसत नाही, ते अजून कितीतरी आत आहे. जहाज वळत होतं तसं ते दृश्य बाल्कनीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं. अब्बांनी चांगला डोळा त्यावरून काढला नाही, मान फिरवत राहिले, अगदी कडा आडवा येईपर्यंत.

"आम्ही सरळ गेलो होतो," ते म्हणाले. "इथून अजून दोन-अडीच तास. मग वरून शेवटची घंटा यायची, यंत्र बंद."

मग ते खुर्चीवर बसले, शाल सावरली आणि चहा मागितला. खोलीत किटली होती. गावाहून आणलेली गवती चहाची पुडी तोवर संपत आली होती, तरी त्यातली दोन पाती निघाली.